आधी दर सांगा, मग नाव विचारा
डेटिंग अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
डेटिंग अ‍ॅप चालवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक,
आणि त्यांच्या अ‍ॅपमधला 'पैसे भरा'चा स्क्रीन ज्यांनी बनवला ती मंडळी,

स.न.वि.वि.

मी हिशेबनीस आहे. गेली एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासते. कुठल्या व्हाउचरला बिल नाही आणि 'किरकोळ खर्च' या सदरात काय काय ढकललंय, ते शोधून काढते. वय ४४. घटस्फोटाला सहा वर्षं झाली. गेल्या दीड वर्षात मी तुमच्यापैकी पाच जणांची अ‍ॅप वापरली, त्यातल्या तिघांना पैसे दिले, आणि सवयीने सगळ्याची नोंद ठेवली. हे पत्र त्या नोंदवहीतून आलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुम्ही उत्तराची तयारी भलत्या दिशेने करणार नाही. मला फुकट काही नको आहे. सर्व्हर चालवायला, तक्रारी बघायला, खोटी प्रोफाइल हुडकायला माणसं लागतात आणि माणसांना पगार लागतो, हे मला कळतं. माझं गाऱ्हाणं इतकंच, की मला काय विकत आहात आणि केवढ्याला, हे तुम्ही मला सगळ्यात शेवटी सांगता.

क्रम बघा. अ‍ॅप उतरवलं की आधी फोन नंबर आणि ओटीपी. मग जन्मतारीख. मग सहा फोटो, त्यात एक हसरा असला तर बरं. मग उंची, शिक्षण, मुलं हवीत का, आहेत का, दारू, सिगरेट, धर्म. मग स्वतःबद्दल चार ओळी. त्या लिहायला मला पाऊण तास लागला, कारण चव्वेचाळीसाव्या वर्षी स्वतःबद्दल चार ओळी लिहिणं सोपं नसतं. मग लोकेशनची परवानगी, नोटिफिकेशनची परवानगी. एवढं सगळं झाल्यावर, माणूस आतून थोडा उघडा पडल्यावर, पहिल्यांदा पैशाचा स्क्रीन समोर येतो. त्या क्षणी मागे फिरणं जड जातं, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता माझ्या वहीतली एक रात्र. पावणेबारा वाजलेले. 'तुम्ही ७ जणांना आवडलात' असा निरोप येतो. उघडून बघते तर सात गोल, सातही धूसर. एका गोलात निळा शर्ट आहे एवढं कळतं, एकात चष्मा असावा. खाली सोनेरी बटण, आणि बटणाच्या वर आकडे पळताहेत: खास सवलत संपायला १४ मिनिटं ०९ सेकंद. माझा अंगठा बटणावर गेला होता, खोटं कशाला बोलू. पण धंद्याची सवय आडवी आली. मी फोन उशीवर ठेवला आणि ती चौदा मिनिटं नुसती बघत बसले. शून्य झालं, खिडकी मिटली. सकाळी दात घासताना फोन बघितला तर तीच सवलत, तेच सोनेरी बटण, आणि पुन्हा १५ मिनिटं. पुढच्या अकरा दिवसांत ती 'शेवटची संधी' मला नऊ वेळा मिळाली. वहीत तारखांसकट आहे.

बाराव्या दिवशी मी पैसे भरले. चौकशी म्हणून नव्हे. रविवार होता, घर शांत होतं, म्हणून. सात चेहरे उघडले. दोघं मी घातलेल्या अंतराच्या मर्यादेच्या कितीतरी बाहेरचे. एक वयाच्या मर्यादेबाहेरचा. दोघांच्या प्रोफाइलवर एकेक फोटो आणि बाकी सगळं कोरं. निळा शर्टवाला अ‍ॅपवर शेवटचा कधी आला होता, ते कळायला मार्गच नव्हता. माझ्या संदेशाला आजतागायत उत्तर नाही. आणि चष्मेवाला? त्याला मी तीन दिवस आधीच, फुकटात, डावीकडे सरकवून नाकारलं होतं.

यात खोटं काय, असं तुम्ही विचाराल. सातही माणसं खरी असतील, सातही जणांनी उजवीकडे बोट फिरवून मला पसंत केलं असेल. मान्य. पण मी घातलेल्या अटींत न बसणारी माणसं त्या सातात मोजून, त्यांचे चेहरे झाकून, तो आकडा मला अपरात्री पाठवणं याला आमच्या कामात 'फुगवलेला साठा' म्हणतात. गोदामात माल आहे, पण विकण्याजोगा किती ते सांगायचं नाही.

आणि हे मी मवाळ शब्दांत बोलते आहे. तुमच्या धंद्यात याहून पुढची मजल मारून झालेली आहे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची बाजू बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, जेडीआय डेटिंग या इंग्लंडमधल्या कंपनीवर कारवाई केली. तिच्या १८ वेबसाइट होत्या. प्रोफाइल फुकट बनवता यायचं. बनवलं की थोड्याच वेळात जवळपासच्या कुणाचा तरी संदेश यायचा. उत्तर द्यायचं तर पैसे. संदेश पाठवणारी माणसं कंपनीनेच तयार केलेली खोटी प्रोफाइल होती. त्यांना कंपनी 'व्हर्च्युअल क्युपिड' म्हणायची आणि प्रोफाइलच्या कोपऱ्यात 'व्हीसी' अशी इवलीशी खूण ठेवायची, म्हणजे विचारलंच कुणी तर 'आम्ही लपवलं कुठे' असं म्हणायला जागा राहावी. ती इवलीशी खूण मला त्या फसवणुकीपेक्षा जास्त बोचते. लबाडी करायची आणि तिची पावतीही फाडून ठेवायची.

तो छोटा मासा झाला. मॅच ग्रुप म्हणजे टिंडर, हिंज, ओकेक्युपिड, प्लेंटी ऑफ फिश हे सगळं ज्या एका छपराखाली आहे ते घर. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये त्याच कमिशनने या कंपनीवर खटला भरला. आरोपांतला एक असा होता: मॅच डॉट कॉमवर ज्या खात्यांबद्दल कंपनीला स्वतःलाच संशय होता, त्यांच्याकडून आलेल्या संदेशांच्या जाहिराती पैसे न भरलेल्यांना पाठवल्या जात होत्या, आणि २०१६ ते २०१८ दरम्यान सुमारे ५ लाख लोकांनी अशी जाहिरात आल्यापासून २४ तासांत सबस्क्रिप्शन घेतलं. कंपनीने आरोप नाकारले. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'कुणीतरी खास भेटेल' या हमीच्या अटी, रद्द करण्यातल्या अडचणी आणि बिलांचे वाद या मुद्द्यांवर १ कोटी ४० लाख डॉलर देऊन तिने तो खटला मिटवला. तडजोड म्हणजे कबुली नव्हे, हे हिशेबनिसाला कुणी शिकवायला नको. पण पाच लाखांच्या आकड्यामागे कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं तरी माझ्यासारखीने धरून चालायला हवं ना?

आता दर. दर हा शब्दच तुमच्याकडे सापडत नाही. प्लस आहे, गोल्ड आहे, प्लॅटिनम आहे. त्यांच्यातला फरक सांगणारा तक्ता फोनवर आडवा सरकवावा लागतो, आणि सरकवला की डावीकडचं नाव दिसेनासं होतं. मोठ्या अक्षरांत आठवड्याचा आकडा, आणि त्याच्या खाली करड्या रंगात, चष्मा लावून वाचावं तर: सहा महिन्यांचे पैसे आज एकरकमी कापले जातील. सबस्क्रिप्शन घेतलं म्हणजे झालं असंही नाही. बूस्ट, म्हणजे माझं प्रोफाइल काही वेळ पुढे आणणं, वेगळा. सुपर लाइक, म्हणजे ठळक पसंती, वेगळे. वाचल्याची खूण वेगळी.

एका अ‍ॅपवर नाणी होती. एका संदेशाला १२ नाणी, आणि नाण्यांचं सगळ्यात छोटं पुडकं १०० चं. शंभराला बाराने भागा. आठ संदेश होतात आणि चार नाणी उरतात. चार नाण्यांत त्या अ‍ॅपवर काहीही मिळत नाही. नवव्या संदेशासाठी आणखी शंभर घ्यायची. हा भागाकार कुणीतरी बसून केलेला आहे, मुद्दाम न जुळणारा. माझी चार नाणी तिथे अजून पडून आहेत. ती तुमच्या ताळेबंदात कुठल्या सदरात दाखवता, ते सवडीने कळवा.

माझ्या ऑफिसात एक सव्वीस वर्षांची मुलगी आहे, मला ताई म्हणते. एके संध्याकाळी आम्ही दोघींनी एकाच टेबलावर फोन शेजारी शेजारी ठेवून एकच अ‍ॅप, एकच प्लॅन, एकच मुदत उघडून बघितली. मला लावलेला दर तिच्या दीडपट होता. ती थोडी ओशाळली. "ताई, मला नवीन म्हणून कमी लावला असेल हो," म्हणाली. असेलही. तिचं खातं दोन महिन्यांपूर्वीचं होतं आणि माझं चार दिवसांचं, तरी असेल. कारण काय ते तुम्ही लिहिलेलंच नाही, म्हणून आम्ही दोघी तर्क करत बसलो आणि तर्काचा रोख माझ्या वयाकडे गेला.

तो उगाच गेला नाही. टिंडरने २०१५ मध्ये प्लस काढलं तेव्हा अमेरिकेत तिशीच्या आतल्यांना महिन्याला ९.९९ डॉलर आणि तिशीवरच्यांना १९.९९ डॉलर असा दर उघडउघड लावला होता. त्यावर कॅलिफोर्नियात खटला झाला आणि २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं, की सरसकट वयावरून असा फरक करणं राज्याच्या नागरी हक्क कायद्यात बसत नाही. तरुणांकडे पैसे कमी असतात, हा कंपनीचा युक्तिवाद कोर्टाला पटला नाही. पुढे २०२४ च्या मार्चमध्ये युरोपियन कमिशनशी झालेल्या बोलण्यांनंतर टिंडरने मान्य केलं, की सवलत जर यंत्राने माणूस बघून ठरवली असेल तर तसं ग्राहकाला स्पष्ट सांगितलं जाईल. माझं म्हणणं एवढंच, की यासाठी आयोग कशाला लागावा? वाण्याने माझा चेहरा बघून साखरेचा भाव सांगितला तर मी दुसऱ्या दुकानात जाईन. तुमच्याकडे मला शेजारच्या गिऱ्हाइकाचा भाव ऐकूच येत नाही, ही खरी गोम आहे.

रद्द करण्याचा किस्सा माझ्याच लाजेचा आहे. पहिल्या अ‍ॅपचा वैताग आला म्हणून मी ते फोनवरून काढून टाकलं आणि हात झटकले. पुढच्या महिन्यात पैसे कापले गेले. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या महिन्यात बँकेचं स्टेटमेंट जुळवताना लक्षात आलं. दुसऱ्यांची पै न् पै जुळवणारी बाई, आणि स्वतःच्या खात्यातून तीन महिने गळती. अ‍ॅप काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही; ते अ‍ॅप स्टोअर किंवा प्ले स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं, आणि अ‍ॅपलकडे तर मुदत संपायच्या किमान २४ तास आधी. वेबसाइटवरून पैसे भरले असतील तर तिथे जाऊन. नियमांत हे लिहिलेलं असतं. पण मी खातं मिटवते आहे, 'मला इथे राहायचं नाही' असं सांगते आहे, तेव्हा तुम्ही मला चार स्क्रीन दाखवता: जाऊ नका, थोडी विश्रांती घ्या, कारण सांगा, तुमच्या मॅच, म्हणजे दोन्हीकडून पसंती जुळलेली माणसं, हरवतील. पाचवा एक स्क्रीन 'तुमचं सबस्क्रिप्शन अजून चालू आहे, ते इथे बंद करा' असा टाकायला काय हरकत होती?

जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन विकलेल्या वर्गणीला वेबसाइटवर रद्द करण्याचं ठळक बटण ठेवणं बंधनकारक आहे. फ्रान्सने २०२३ मध्ये तसाच नियम आणला. अमेरिकेत 'घेतलं जितकं सोपं तितकंच सोडणं सोपं' असा नियम २०२४ मध्ये ठरला, आणि पूर्ण लागू होण्याच्या आठवडाभर आधी, २०२५ च्या जुलैत, अपील न्यायालयाने तो प्रक्रियेतल्या चुकीवरून रद्द केला. भारतात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार सांगितले आहेत. त्यात खोटी घाई आहे, थेंबाथेंबाने उघड होणारी किंमत आहे आणि वर्गणीचा सापळाही आहे. माझी पंधरा मिनिटांची सवलत त्यातल्या पहिल्यात बसते. म्हणजे तुम्हाला रद्द करण्याचं बटण बनवता येतं. जिथे कायदा नाक दाबतो तिथे तुमचं तोंड उघडतं, एवढाच फरक.

तुमचीही एक बाजू आहे आणि ती मी वहीच्या उजव्या पानावर लिहिली आहे. अ‍ॅपल-गूगलच्या स्टोअरचं कमिशन सहसा १५ ते ३० टक्के. नेदरलँड्समध्ये याच कमिशनच्या मुळाशी असलेल्या 'पैसे आमच्याच यंत्रणेतून घ्या' या सक्तीवरून ग्राहक प्राधिकरणाने अ‍ॅपलला खास डेटिंग अ‍ॅपच्या बाबतीत दर आठवड्याला ५० लाख युरो असा दंड लावला, तो २०२२ मध्ये ५ कोटींपर्यंत गेला. तेव्हा तुमच्यावरही कुणीतरी बसलेलं आहे, हे खरं. शिवाय तुमच्या धंद्याची रचनाच विचित्र: माल चांगला निघाला की एका फटक्यात दोन गिऱ्हाइकं जातात. हिंज तर 'डिलीट होण्यासाठीच बनवलेलं' अशीच स्वतःची जाहिरात करतं. ठीक आहे. मग डिलीट होण्याआधी जे घ्यायचं ते सरळ घ्या. मी सुताराला कपाट झाल्यावर पैसे देते. तो मला रोज एक खिळा विकत नाही.

जिथे पैसे न भरता राहता येतं अशी अ‍ॅपही मी बघितली, आणि तिथे मला जास्त भीती वाटली. नॉर्वेच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये ग्राइंडर या मुख्यतः समलिंगी पुरुषांच्या डेटिंग अ‍ॅपला ६.५ कोटी क्रोनरचा दंड केला, कारण वापरणाऱ्यांची माहिती योग्य संमतीशिवाय जाहिरातदारांपर्यंत जात होती. ग्राइंडरवर माणूस आहे एवढी माहितीसुद्धा किती ठिकाणी जीवावर बेतू शकते, याचा विचार करा. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०२४ मध्ये २५ डेटिंग अ‍ॅपची गोपनीयता तपासली. २२ वर 'सावधान'चा शिक्का मारला. आणि अ‍ॅशली मॅडिसनचं प्रकरण तर माझ्या व्यवसायात शिकवायला हवं. ती विवाहितांच्या चोरट्या संबंधांसाठीची साइट. खातं 'पूर्णपणे पुसायचे' १९ डॉलर घेतले जात, आणि २०१५ मध्ये चोरांनी माहिती बाहेर टाकली तेव्हा पैसे भरून पुसलेल्यांचीही माहिती त्यात निघाली. सेवा दिली नाही, बिल मात्र वसूल. याला लपवलेला खर्च म्हणायचं की आणखी काही?

विश्वासाचा मुद्दा मी मुद्दाम पैशाच्या मागे ठेवला, कारण दोन्ही एकाच धाग्याने बांधलेले आहेत. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या जवळपास ७०,००० तक्रारी फेडरल ट्रेड कमिशनकडे आल्या, नुकसान १३० कोटी डॉलरचं. हे फक्त तक्रार करणाऱ्यांचं. लाजेने गप्प बसलेले यात नाहीत. अशा वेळी तुम्ही निळी खूण देता. चांगली गोष्ट. पण ती खूण काय सांगते? सेल्फी आणि प्रोफाइलचा फोटो जुळतात, इतकंच. माणूस विवाहित आहे का, नोकरी सांगतोय ती खरी आहे का, यातलं काहीही ती सांगत नाही. खुणेवर बोट ठेवलं की हे वाक्य दिसू दे. आणि ओळखपत्र मागत असाल तर ते किती दिवस ठेवणार, तेही. २०२५ च्या जुलैत टी नावाच्या अ‍ॅपमधून सुमारे ७२,००० फोटो बाहेर पडले. त्यात पडताळणीसाठी दिलेले सेल्फी आणि ओळखपत्रांचे १३,००० च्या आसपास फोटो होते. ते अ‍ॅप बायकांनी पुरुषांबद्दल एकमेकींना सावध करण्यासाठी होतं. सावध राहायला गेलेल्या बायकाच उघड्या पडल्या.

आता मी अ‍ॅप कसं निवडते ते सांगते. तुमच्या पाठीमागे नको, समोरच सांगते. वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल.

अ‍ॅप उतरवण्याआधी स्टोअरच्या पानावर 'इन-अ‍ॅप पर्चेसेस' उघडते. अ‍ॅपलकडे तिथे वस्तूंची नावं आणि किमतींची यादी असते. एकाच नावाच्या प्लॅनला चार वेगवेगळ्या किमती दिसल्या की समजायचं, इथे माणूस बघून भाव असू शकतो. मग एक तारा दिलेले अभिप्राय, तेही सर्वांत नवे आधी. पाच ताऱ्यांचे मी वाचत नाही, 'माणसं नीट नाहीत' वाले एक ताऱ्याचेही सोडून देते. मला फक्त पैसे कापले गेले, रद्द होत नाही, उत्तर देत नाहीत, असे हवे असतात. दहा मिनिटांत अंदाज येतो. मग अटी-शर्तींच्या पानावर 'रिन्यू', 'रिफंड' आणि 'डिलीट' हे तीन शब्द शोधते. तिन्ही सापडले आणि तिन्हींपुढे साध्या वाक्यात काहीतरी लिहिलेलं असलं तर त्या कंपनीबद्दल मला निम्मा आदर वाटतो.

फोटो लगेच सहा टाकत नाही. आधी एका फोटोवर दोन आठवडे फुकट राहते आणि एकच गोष्ट बघते: मॅच झालेल्या माणसाशी पैसे न भरता बोलता येतं का? येत असेल तर बाकीचे पैसे सोयीचे आहेत, भरले तर भरले. येत नसेल तर पैसे प्रवेशाचे आहेत, आणि मग त्या अ‍ॅपने स्वतःला 'फुकट' म्हणू नये. हा फरक मला बाकी सगळ्या तक्त्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पैसे भरायचेच ठरलं तर एकच महिना. सहा महिन्यांचा प्लॅन स्वस्त दिसतो, पण सहा महिने मी तिथे असावं अशी माझीच इच्छा नाही, तर पैसे कशाला गुंतवू? भरल्या भरल्या, त्याच मिनिटाला, ऑटो-रिन्यू बंद करते. भरलेला महिना बहुतेक ठिकाणी शेवटपर्यंत चालतो. फ्री ट्रायलचं मात्र बघावं लागतं, काही जण रद्द करताच ट्रायलही बंद करतात. ट्रायल म्हणजे आवळा देऊन कोहळा. तिच्यासाठी कार्डाचा नंबर मागितला की मी शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीचा गजर लावते आणि मगच नंबर देते. दर दाखवणाऱ्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढून ठेवते. तो एकदा उपयोगी पडला: वाद घातल्यावर तीनांपैकी एका महिन्याचे पैसे परत मिळाले. बाकीचे दोन माझ्या 'किरकोळ खर्चा'त गेले.

एवढी उठाठेव हिशेबनीस बाई करते. कामावरून दमून आलेला, नुकतंच नातं तुटलेलं असलेला, रात्री पावणेबारा वाजता सात धूसर गोल बघणारा माणूस ती करणार नाही, आणि त्याने ती करावी अशी अपेक्षाही चुकीची आहे.

म्हणून तुमच्याकडे मागणं. फोन नंबर विचारायच्या आधी एक पान दाखवा. त्यावर लिहा: फुकटात काय करता येईल, संदेश वाचता आणि पाठवता येतील की नाही. प्रत्येक प्लॅनची एकूण रक्कम, आज कापली जाणारी, आठवड्याची नव्हे. दर माणसागणिक बदलतो का, आणि बदलत असेल तर कशावरून. रद्द कुठे करायचं, त्याचा दुवा. खातं पुसल्यावर माझे फोटो किती दिवस तुमच्याकडे राहतील. एवढं सगळं एका स्क्रीनवर मावतं, मी कागदावर लिहून बघितलं आहे. नाण्यांऐवजी पैशात भाव सांगा. धूसर सातांपैकी माझ्या अटींत बसणारे किती, तो आकडा द्या. दोन असले तरी चालेल, मी दोघांसाठीही पैसे भरले असते. आणि ब्लॉक करणं, तक्रार करणं, पडताळणी झालेल्यांनाच बघणं या गोष्टी कुठल्याही प्लॅनच्या आत ठेवू नका.

यातलं एखाद्याने जरी केलं तरी मला कळवा. मी ते अ‍ॅप त्याच दिवशी उतरवीन आणि पूर्ण दराने पैसे भरीन. ऑफिसातल्या त्या मुलीलाही सांगीन.

तोवर माझं असं चाललंय: सध्या एका अ‍ॅपवर एक महिना भरलेला आहे, मुदत १८ तारखेला संपते, रिन्यू बंद आहे. तिथे एका गृहस्थांशी तीन आठवडे बोलणं चालू आहे. भूगोल शिकवतात, विरामचिन्हं जागच्या जागी देतात. काल त्यांनी विचारलं, "१८ नंतर इथे नसाल तर कुठे भेटाल?" तुमच्या अ‍ॅपने तो संदेश वाचल्याची खूण त्यांना दाखवायचे वेगळे पैसे मागितले. मी दिले नाहीत, उत्तर दिलं.

कळावे,

तुमची एक ग्राहक
(शिल्लक: ४ नाणी)